डावीकडचं, पुढचं

शंभर फुटी रस्त्याला, टायरवाल्याच्या शेजारी
दहा बाय बाराचं पत्र्याचं दुकान.
बोर्डावर नाव पोराचं, हात माझे.
चाक काढतोय तवर बसा, मालक.

डावीकडचंच ना? पुढचं?
ठावं होतं.
आपण बसतो उजवीकडं,
डावीकडचं सगळं अंदाजानं चालतं.

बघायच्या आधी मी बोट फिरवतो.
बारीक, गोल, एका लयीत गेलेला ओरखडा
म्हणजे घासलं, आवाज आला,
तरी माणूस तसाच पुढं गेला,
आता झालंच हाय म्हणून.
एकाच जागी खोल टवका
म्हणजे फोनवर होता.
आणि चारी चाकांना सारखंच असलं
तर मी काही विचारत न्हाई. चहा सांगतो.

पुराच्या साली निराळंच काम आलं.
पाण्यात फुटपाथ दिसायचा न्हाई,
लोकं आठवणीवर गाडी घालायची.
गणपती पेठेतले आरवाडे, सुपारीवाले,
त्यांच्या रिमवरचा गाळ नखानं काढला तर खाली
चंद्रकोरीएवढा तुकडाच न्हाई.
म्हणाले, ह्याच गल्लीत जन्मलो रे,
कडा कुठं हाय ते मला कुणी सांगायचं?
मग स्वतःच हसले. लई वेळ हसले.

सांगतो ते ध्यानात ठेवा.
डावा आरसा खाली वाकवा,
मागचं चाक दिसेस्तोवर.
चढायचंच असंल तर सरळ तोंडावर, दमानं,
तिरकं शिरू नका.
वळताना कोपरा कापला
तर पुढचं चाक सुटतं, मागचं सापडतं.
पातळ टायरचा शौक पोरांना असतो,
पर रबर म्हंजे गादी,
गादी काढली की हाडं टेकतात.
आणि लावताना वीतभर सोडा.
वीतभर सोडल्यानं
बांध कुणी कोरत न्हाई.

गेल्या श्रावणात हेरवाडे आले, कंत्राटदार.
नवी पांढरी गाडी, अठरा इंची, डायमंड कट.
चौकातल्या नव्या फुटपाथाला घासलेली.
फुटपाथ त्यांनीच बांधलेला.
मी बोट फिरवत ऱ्हायलो,
ते पंख्याकडं बघत ऱ्हायले.
"कडा किती इंची धरली होती, सायेब?"
"कागदावर सहा."
"आणि खाली?"
पंखा फिरत होता.
"दस्तगीर, तू तुझं काम कर."
केलं. लेथवर घेतलं, लॅकर मारला,
पैसे पुरे घेतले.
पावती त्यांनी मागितली न्हाई.

त्या रात्री शटर ओढून तिथं गेलो.
खांबावरचा दिवा महिनाभर गेलेला.
मोबाईलची बॅटरी धरली
आणि बघतो तर दगडावर चंदेरी.
रेघांवर रेघा, आडव्या, निसटत्या,
काही काळपट, काही आजच्या.
हे आरवाडेंच्या जावयाचं,
हे त्या दवाखान्यातल्या बाईंचं,
तीनदा आल्या होत्या माझ्याकडं.
ही ताजी, जाड, हेरवाडेंची.
मी चाकात भरतो ती लांबी, मालक.
चाकाचं असल ते इथं पडलेलं.

दुकानात पिवळ्याचा अर्धा डबा होता,
एका रिक्षाचा उरलेला.
उकिडवं बसून कडेला हात मारला,
बारक्या ब्रशनं, ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर.
एक कुत्रं येऊन वास घेऊन गेलं.
जिथं चंदेरी लई दाट होतं
तिथं एक वीत तशीच ठेवली.
का, ते इचारू नका.

घरी बिल्किस म्हणाली, हाताला काय हे?
सांगितलं.
म्हणाली, लोकं पोटावर पाय देतात,
तुम्ही रंग दिलासा.
भाकरी मात्र तिनंच मोडून दिली,
पिवळं जाईना म्हणून.

पुढच्या महिन्यात चाकं कमी आली,
नेमकी किती ते मोजलं न्हाई.
तुम्ही आलासा नव्हं?
कुठल्या चौकात लागलं म्हणालात?
असू दे.

हे बगा, झालं.
बोट लावू नका,
अजून ओलं हाय.